खिदिरपूरचे मायकेल मधुसूदन दत्त

बंगालचे नाव निघाले की मराठी ख्रिस्ती वाचकाला श्रीरामपूरचे डॉ. विल्यम केरी आठवतात, आणि ते योग्यच आहे. कारण १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापून काढणाऱ्या या मिशनऱ्याचे आपल्यावर मोठे ऋण आहे. त्यांच्यामागोमाग अलेक्झांडर डफ यांचे नाव येते. परंतु केरी यांच्या निधनसमयी दहा वर्षांचा असलेला एक बंगाली मुलगा पुढे बाप्तिस्मा घेऊन बंगाली काव्याचा सारा प्रवाह वळवून गेला, त्याचे चरित्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. तो मुलगा म्हणजे महाकवी मायकेल मधुसूदन दत्त. त्यांचे बालपण व तारुण्य ज्या वस्तीत गेले ती कलकत्त्याच्या दक्षिणेची खिदिरपूर ही वस्ती.

हुगळीच्या काठाने किल्ला मागे टाकून, टॉलीच्या नाल्यावरचा पूल ओलांडला की खिदिरपूर लागते. आज ते गोदीचे, मालमोटारींचे आणि दाट बाजाराचे ठिकाण आहे. गोदी १८९२ साली सुरू झाली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून येथे जहाजे बांधली जात. किड घराण्याच्या गोदीत १८१८ साली ७४ तोफांचे हेस्टिंग्ज नावाचे लढाऊ जहाज पाण्यात सोडण्यात आले होते. वस्तीचे नाव याच किड घराण्यावरून पडले असे काहीजण मानतात, तर काहीजण ते जलवाटांचे रक्षक मानले जाणाऱ्या ख्वाजा खिज्र यांच्याशी जोडतात.

या वस्तीला राजेपणाची झाकही आहे. भूकैलासचा राजवाडा येथेच. राजा जयनारायण घोषाल यांनी १७८१ साली उभारलेली दोन शिवमंदिरे आणि त्यांमधील भव्य शिवलिंगे पाहण्यास आजही लोक येतात. हेच जयनारायण पुढे काशीस राहू लागले आणि तेथे त्यांनी काढलेली शाळा १८१८ साली चर्च मिशनरी सोसायटीच्या हाती सोपवली. शिवमंदिरे बांधणाऱ्या राजाने आपली शाळा मिशनऱ्यांच्या स्वाधीन करावी, हा त्या काळाचा एक विशेष म्हणावा लागेल. खिदिरपूरच्या पलीकडे मटियाबुर्ज लागते. अयोध्येचे पदच्युत नबाब वाजिद अली शाह १८५६ साली तेथे आले आणि १८८७ साली तेथेच वारले; सिब्तैनाबाद इमामबाड्यात त्यांची कबर आहे. परंतु बंगाली माणसाला खिदिरपूर म्हटले की आधी आठवतात ते कवी. रंगलाल बंद्योपाध्याय येथलेच, हेमचंद्र बंद्योपाध्याय येथलेच, आणि कार्ल मार्क्स सरणी असे आज नाव असलेल्या रस्त्यावर मधुसूदनांचे घर म्हणून एक जुनी वास्तू दाखवली जाते.

मधुसूदनांचा जन्म २५ जानेवारी १८२४ रोजी जेसोर जिल्ह्यातील सागरदाडी गावी, कपोताक्ष नदीच्या काठी झाला. हे गाव आता बांगलादेशात आहे. वडील राजनारायण दत्त हे कलकत्त्याच्या सदर दिवाणी अदालतीतील नामांकित वकील; मातोश्रींचे नाव जाह्नवीदेवी. वकिलीचा जम बसल्यावर राजनारायणबाबूंनी खिदिरपुरात घर केले व पत्नीस आणि मुलास तेथे आणले. घरात पैसा होता, नोकरचाकर होते, आणि भावंडे अल्पवयात गेल्यामुळे मधुसूदनांवरच आईबापांचा सारा जीव होता. आईच्या तोंडून रामायण व महाभारत ऐकत ते वाढले. मनात रुजलेल्या त्या कथा पुढे भाषा बदलली, वेष बदलला, धर्म बदलला तरी हलल्या नाहीत.

त्यांचे शिक्षण हिंदू कॉलेजात झाले. तेथे कॅप्टन रिचर्डसन हे इंग्रजी काव्य असे शिकवीत की विद्यार्थ्यांना शेक्सपिअरचा ध्यास लागे. भूदेव मुखोपाध्याय, राजनारायण बसू, गौरदास बसाक हे मधुसूदनांचे सोबती. १८४२ साली स्त्रीशिक्षणावरील निबंधासाठी त्यांना सुवर्णपदक मिळाले. तोपर्यंत आपण इंग्रजीतच कविता लिहायची आणि त्यासाठी इंग्लंडला जायचे, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. मातृभाषा त्यांना तेव्हा घरकामाची, गड्यामाणसांची भाषा वाटे.

इतक्यात वडिलांनी मुलाचे लग्न ठरवले. मुलगी न पाहिलेली, संमती न विचारलेली. त्या काळाच्या रीतीप्रमाणेच सारे. मधुसूदन घरातून नाहीसे झाले. शोधाशोध झाली तेव्हा कळले की ते फोर्ट विल्यम किल्ल्यात आहेत. राजनारायणबाबू वजनदार गृहस्थ. ते लाठीवाल्यांकरवी मुलाला पळवून नेतील या भीतीने बाप्तिस्म्यापूर्वी त्यांना किल्ल्यात ठेवण्यात आले होते. ९ फेब्रुवारी १८४३ रोजी जुन्या मिशन चर्चमध्ये आर्चडीकन डील्ट्री यांच्या हातून त्यांचा बाप्तिस्मा झाला. स्वीडिश मिशनरी किर्नांडर यांनी बांधलेले आणि १७७० साली उपासनेसाठी उघडलेले हे मंदिर लाल गिर्जा म्हणून ओळखले जाते. या प्रसंगासाठी मधुसूदनांनी स्वतः एक इंग्रजी स्तोत्र रचले होते. त्यांचे वय तेव्हा एकोणीस वर्षांचे होते.

या बाप्तिस्म्यामागे काय होते? चरित्रकारांनी यावर पुष्कळ लिहिले आहे. नकोसे लग्न टाळणे, इंग्लंडला जाण्यास मिशनऱ्यांचे साहाय्य मिळेल अशी आशा, इंग्रजी काव्याची ओढ ही सारी कारणे त्यांच्या बाबतीत खरी आहेत, आणि ती झाकून त्यांना संतपदी बसवण्यात काही अर्थ नाही. परंतु बाप्तिस्मा केवळ सोयीचा होता असे म्हणणाऱ्यांनी पुढचाही हिशेब पाहावा. इंग्लंडचा प्रवास मिशनऱ्यांनी घडवून आणला नाही. हिंदू कॉलेजात ख्रिस्ती विद्यार्थ्यास प्रवेश नसल्याने ते शिक्षण तुटले. खिदिरपूरचे घर सुटले. प्रायश्चित्त घेऊन परत येण्याचा मार्ग वडिलांनी मोकळा ठेवला होता. तो त्यांनी तेव्हाही घेतला नाही आणि पुढे अन्नाला महाग झाले तेव्हाही घेतला नाही. त्याच १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांच्या धाकट्या भावासाठी प्रकरण कोर्टात गेले. अशा घरांमधून त्या वर्षांत कोणता आकांत झाला असेल, हे आपल्या मंडळ्यांच्या जुन्या कुटुंबांना सांगावयास नको.

आईचा आकांत मात्र वडिलांनाही पाहवेना. मुलाला अधूनमधून खिदिरपुरास येऊ देण्यात आले, आणि १८४४ साली तो बिशप्स कॉलेजात गेला तेव्हा खर्चही वडिलांनीच उचलला. बिशप मिडलटन यांनी १८२० साली स्थापलेले हे कॉलेज तेव्हा हुगळीपलीकडे शिबपुरास होते. तेथे मधुसूदन ग्रीक, लॅटिन व संस्कृत शिकले. युरोपीय विद्यार्थ्यांना एक वेष आणि देशी विद्यार्थ्यांना दुसरा, हा तेथील भेद त्यांनी मानला नाही. समान वेष मिळत नाही असे दिसल्यावर ते भडक रंगाचा देशी पोशाख करून वर्गात आले आणि अखेर कॉलेजला नमते घ्यावे लागले, अशी हकीकत सांगतात. प्रभूच्या मंडळीत गोऱ्याकाळ्याचा भेद असू नये, हे त्या तरुणाने आपल्या खास उधळ्या पद्धतीने सांगितले म्हणायचे.

पुढे पितापुत्रांचे बिनसले. वडिलांनी पैसे थांबवले. वारसासाठी त्यांनी पुन्हा विवाहही केले. १८४७ च्या अखेरीस मधुसूदन कोणालाही न सांगता मद्रासला निघून गेले. तेथे अनाथ मुलांच्या शाळेत शिक्षकाची नोकरी धरली आणि १८४८ साली रेबेका मॅक्टॅविश या तरुणीशी विवाह केला. १८४९ साली त्यांचे इंग्रजी काव्य, द कॅप्टिव्ह लेडी, प्रसिद्ध झाले. त्याची एक प्रत कलकत्त्यास बेथ्यून साहेबांकडे गेली. मुलींच्या शाळेसाठी प्रसिद्ध असलेल्या या इंग्रज गृहस्थांनी निरोप पाठवला तो असा की, इतकी बुद्धी असलेल्या माणसाने ती आपल्या मातृभाषेसाठी वापरावी. मित्र गौरदासांनीही तेच लावून धरले. मधुसूदनांना सल्ला झोंबला असेल. पण त्यानंतर त्यांनी स्वतःला हिब्रू, ग्रीक, तेलुगू, संस्कृत, लॅटिन अशा भाषांच्या कडक वेळापत्रकात जुंपून घेतले, आणि ही सारी तयारी बंगाली भाषेला सजवण्यासाठी चालली आहे असे ते मित्राला कळवू लागले.

१८५१ मध्ये आई गेली, १८५५ मध्ये वडील. भाऊबंदांनी मालमत्ता बळकावल्याची बातमी कळताच मधुसूदन फेब्रुवारी १८५६ मध्ये कलकत्त्यास परतले. रेबेका आणि चार मुले मद्रासलाच राहिली, आणि मधुसूदन त्यांच्याकडे पुन्हा कधीच गेले नाहीत. पुढे हेन्रिएटा व्हाइट या त्यांच्याकडे आल्या आणि अखेरपर्यंत त्यांच्या सोबत राहिल्या. रेबेका १८९२ पर्यंत जगल्या. मोठ्या कवीचे चरित्र लिहिताना हा भाग दोन ओळींत उरकण्याची रीत आहे. परंतु चार लेकरे पदरी असलेल्या त्या स्त्रीवर जो अन्याय झाला तो महाकाव्याने भरून निघत नाही, एवढे येथे नमूद केले पाहिजे.

कलकत्त्यात पोट भरण्यासाठी पोलीस कोर्टात कारकुनाची व नंतर दुभाष्याची नोकरी मिळाली. १८५८ साली पाइकपाड्याच्या राजांनी बेलगाछियाच्या नाट्यगृहात रत्नावली नाटक बसवले आणि इंग्रज पाहुण्यांसाठी त्याचे भाषांतर मधुसूदनांकडून करवून घेतले. एका सामान्य नाटकावर एवढा पैसा उधळलेला पाहून त्यांना वाईट वाटले, आणि त्यांनी स्वतःच बंगालीत नाटक लिहावयास घेतले. ते नाटक म्हणजे शर्मिष्ठा. विषय महाभारतातील ययाती राजाचा. खांडेकरांची कादंबरी वाचलेल्या मराठी वाचकाला तो परिचितच आहे. आईच्या मांडीवर ऐकलेली कथा ख्रिस्ती झालेल्या मुलाच्या लेखणीतून रंगभूमीवर आली. त्यानंतरच्या चार वर्षांत पद्मावती आणि कृष्णकुमारी ही नाटके, नव्या बाबूंची व जुन्या ढोंगी जमीनदारांची टर उडवणारी दोन प्रहसने, आणि तिलोत्तमासंभव, व्रजांगना व वीरांगना ही काव्ये एकामागून एक बाहेर पडली.

या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे १८६१ साली प्रसिद्ध झालेले मेघनादवध काव्य. ते नऊ सर्गांचे आहे. बंगाली काव्य तोवर पयार नावाच्या चौदा अक्षरांच्या, यमकबद्ध ओळीत चाले. ओळ संपली की वाक्य संपे. मधुसूदनांनी चौदा अक्षरे ठेवली, यमक सोडले आणि वाक्याला ओळीमागून ओळी ओलांडून वाहू दिले. इंग्रजीत मिल्टनने जे केले ते बंगालीत होणार नाही असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर होते. मुक्त झालेली ती रचना अमित्राक्षर छंद म्हणून ओळखली जाते. कथा इंद्रजिताच्या वधाची. निकुंभिला यज्ञागारात निःशस्त्र असताना लक्ष्मणाने त्यास मारले. कवीची सहानुभूती मारणाऱ्याकडे नसून मुलगा गमावलेल्या रावणाकडे आहे. आपल्या कीर्तनकारांनी घरोघर पोहोचवलेली इंद्रजिताची पत्नी सुलोचना येथे प्रमीला या नावाने भेटते, आणि शेवटच्या सर्गात पतीच्या चितेवर चढते. पुत्रशोकाने खचलेल्या त्या लंकाधिपतीचे चित्र रंगवताना खिदिरपूरच्या घरातील एक वृद्ध वकील कवीच्या डोळ्यांपुढे नसेल असे मानणे मला तरी कठीण जाते.

कालीप्रसन्न सिंह या तरुण धनिकाने त्याच वर्षी जाहीर सभा भरवून चांदीचे सुरापात्र देऊन मधुसूदनांचा सत्कार केला. आणखी एका प्रकरणात या दोघांची नावे एकत्र येतात. नीळ पिकवणाऱ्या गोऱ्या मळेवाल्यांचे अत्याचार दाखवणारे दीनबंधू मित्र यांचे नीलदर्पण नाटक इंग्रजीत छापल्याबद्दल रेव्ह. जेम्स लाँग या मिशनऱ्यास १८६१ साली एक महिन्याची कैद व एक हजार रुपये दंड झाला. दंडाची रक्कम कालीप्रसन्नांनी तेथल्या तेथे भरली. ते इंग्रजी भाषांतर मधुसूदनांनी केले असे परंपरेने मानले जाते. लाँग साहेबांनी भाषांतरकाराचे नाव सांगितले नाही, ते तुरुंगात गेले. १८६१ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे : याच वर्षी रवींद्रनाथ ठाकूर जन्मास आले, आणि याच वर्षी आपले नारायण वामन टिळकही.

कीर्तीच्या शिखरावर असताना जुने वेड पुन्हा उफाळले. वडिलोपार्जित मालमत्ता खटला लढवून हाती आली होती. बॅरिस्टर होण्यासाठी पैसा उभा करताना खिदिरपूरचे घरही विकून टाकले गेले. जून १८६२ मध्ये मधुसूदन इंग्लंडला निघाले. ज्यांच्यावर पैसे पाठवण्याची जबाबदारी सोपवली होती त्यांनी हात आखडला. हेन्रिएटा मुलांसह इंग्लंडला येऊन पोहोचल्या, खर्च झेपेना, म्हणून सारे कुटुंब १८६३ साली फ्रान्समध्ये व्हर्साय येथे गेले. फ्रेंच राजांच्या त्या वैभवशाली नगरीत बंगालच्या महाकवीवर दागिने गहाण टाकण्याची, शेजाऱ्यांच्या दयेवर राहण्याची आणि कर्जापायी तुरुंगाचे दार पाहण्याची वेळ आली. त्यांनी पत्र लिहिले ते ईश्वरचंद्र विद्यासागरांना. विद्यासागर ब्राह्मण, संस्कृत पंडित. त्यांनी स्वतः कर्ज काढले, पण पैसे पाठवले. एकदा नव्हे, अनेकदा. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण मंडळीत वारंवार ऐकतो. मधुसूदनांच्या आयुष्यात तो शोमरोनी जानवे घातलेला होता.

त्या दारिद्र्यातही लेखणी थांबली नाही. इटालियन सुनीताचा साचा त्यांनी बंगालीत आणला आणि त्यात लिहिले कशाविषयी, तर गावच्या कपोताक्ष नदीविषयी, काशीरामदासाविषयी, दुर्गापूजेच्या दिवसांविषयी आणि आपण दूर लोटलेल्या मातृभाषेविषयी. हा संग्रह १८६६ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. ज्या इंग्लंडसाठी घर सोडले ते प्रत्यक्ष पाहिल्यावर मन धावले ते सागरदाडीकडे.

नोव्हेंबर १८६६ मध्ये ते बॅरिस्टर झाले व पुढच्या वर्षी कलकत्त्यास परतले. पुढचा भाग उताराचा आहे. राहणे महागड्या स्पेन्सेस हॉटेलात, हात सैल, मित्राकडून वकिलीची फी घ्यायची नाही, मद्याची सवय वाढलेली. विद्यासागरांचे कर्जही फिटेना. हायकोर्टातील नोकरी झाली, पंचकोटच्या राजाकडे कारभारीपद झाले, काहीच टिकले नाही. १८७३ साली प्रकृती ढासळली तेव्हा उत्तरपाड्याच्या ग्रंथालयाच्या इमारतीत काही आठवडे आसरा मिळाला. त्याच मे महिन्यात तेरा वर्षांच्या मुलीचे लग्न उरकून घेतले. मुलीचे नाव त्यांनी आपल्या पहिल्या नाटकावरून शर्मिष्ठा ठेवले होते. अखेर त्यांना अलीपूरच्या रुग्णालयात हलवण्यात आले. २६ जून रोजी हेन्रिएटा वारल्या. ही वार्ता त्यांना रुग्णशय्येवर कळली. रेव्ह. कृष्णमोहन बॅनर्जी त्यांना भेटले. बाप्तिस्म्याच्या काळापासून ओळखीचे असलेले हे वडीलधारे पाळक त्यांच्या दफनाविषयी काळजीत होते, कारण मधुसूदन कित्येक वर्षे कोणत्याच मंडळीत नियमित जात नव्हते. मरणोन्मुख कवीने त्यांना समजावले की आपण आपल्या प्रभूपाशी विसावणार आहोत, माणसांच्या मंदिराची आपणास चिंता नाही. २९ जून १८७३ रोजी, रविवारी, त्यांनी प्राण सोडला.

आणि कृष्णमोहनांना वाटलेली भीती खरी ठरली. ख्रिस्ती समाजातील काहींनी दफनास हरकत घेतली. बिशपांची परवानगी येईना. जूनच्या उकाड्यात देह दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहिला. पोलंडच्या क्राको या जुन्या राजनगरीत एक गोष्ट दाखवतात. त्या देशाचे महाकवी अ‍ॅडम मित्सकेविच १८५५ साली परदेशात वारले. १८९० साली त्यांचा देह फ्रान्समधून आणून वावेल टेकडीवरील कॅथेड्रलच्या तळघरात, राजांच्या शेजारी ठेवला गेला. देशावर तेव्हा परक्यांचे राज्य होते, तरी राजांनी कवीला आपल्यात जागा दिली. आमच्या कवीला जागा मिळाली ती एका पाळकाच्या धैर्याने. जोडा गिर्जा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेंट जेम्स चर्चचे रेव्ह. पीटर जॉन जार्बो यांनी परवानगीची वाट न पाहता स्वतःच्या जबाबदारीवर ३० जून रोजी लोअर सर्क्युलर रोडच्या दफनभूमीत अंत्यविधी केला. चार दिवसांपूर्वी तेथे पुरलेल्या हेन्रिएटांच्या शेजारीच त्यांना ठेवण्यात आले. त्यांना मातृभाषेकडे वळवणारे बेथ्यून साहेब १८५१ पासून त्याच दफनभूमीत आहेत.

कबर पाहण्यास जाणाऱ्या मराठी माणसाला आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. आज आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव असलेल्या त्या सर्क्युलर रस्त्याचा उत्तरेकडील पट्टा मराठा खंदक बुजवून केलेला आहे. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या भीतीने १७४२ साली कलकत्त्याच्या लोकांनी तो खणला होता. बंगाली आई आजही अंगाईत बर्गींची भीती घालते. त्याच रस्त्याच्या दक्षिण टोकाकडे मल्लिक बाजारात दफनभूमीचे दार आहे.

या घराण्यातला वारसा पुढे आईच्या बाजूने टेनिसपटू लिअँडर पेस यांच्यापर्यंत आला. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या या खेळाडूचे वडील गोव्याचे. कबरीवर बराच काळ काहीच खूण नव्हती. १८८८ साली वर्गणीतून तेथे स्मारक उभे राहिले आणि मधुसूदनांनी स्वतःसाठी लिहून ठेवलेला समाधिलेख त्यावर कोरण्यात आला. वाटसरूला क्षणभर थांबण्यास विनवणाऱ्या त्या लेखात इंग्लंड नाही, बॅरिस्टरी नाही, मायकेल हे नावही नाही. कपोताक्षकाठचे सागरदाडी गाव आहे, दत्तकुळातील श्रीमधुसूदन आहेत, आणि जन्मदाते राजनारायण व माता जाह्नवी या दोघांची नावे आहेत.